आधी आत्याबाई, मग अनुक्रमणिका

तुमच्या पत्राचा गाभा असा: भीमेकाठचं तुमचं गाव उजनी धरणात गेलं. तुमचा जन्म नव्या गावठाणातला. आजी-आजोबांकडून ऐकलेल्या त्या जुन्या गावावर तुम्ही तीन वर्षं लिहिताय. वह्या आणि मोबाइल मिळून १४० पानं झालीत. नदीवरचं पहिलं प्रकरण सहा वेळा लिहून झालं, दुसरं काही सुरू होत नाही. पुण्यात बँकेची नोकरी आहे, हाताशी सकाळचा सव्वा तास. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "आखणी करून लिहिलं तर पुस्तक सरकारी अहवालासारखं कोरडं होईल का?"

मी २६ वर्षं मराठीत ललितेतर पुस्तकांचं संपादन करते आहे. स्वतःची तीन पुस्तकं लिहिली. माझ्याकडे येणारी निम्म्याहून जास्त हस्तलिखितं तुमच्यासारख्यांची असतात: निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, डॉक्टर, शेतकरी. प्रत्येकाकडे सांगण्यासारखं असतं आणि भाषाही असते. तरी त्यातली बरीच पुस्तकं पन्नास ते दीडशे पानांच्या दरम्यान कुठेतरी थांबतात आणि ट्रंकेत जातात. तुम्ही नेमके त्याच टप्प्यावर आहात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नदीचं प्रकरण सहा वेळा लिहिलंत याबद्दल स्वतःला बोल लावू नका. ते जमत नाही कारण त्याच्यापुढे काय येणार हे ठरलेलं नाही. नदी किती पानं वाहू द्यायची, त्यात पूर घ्यायचा की नाही, नावाडी इथेच आणायचा की पुढे, हे दुसरं-तिसरं प्रकरण माहीत असल्याशिवाय कोणालाच ठरवता येत नाही. मग माणूस वाक्यं घासत बसतो. हातात तेवढंच असतं.

तेव्हा नदी आता बाजूला ठेवा. ते प्रकरण सगळ्यांत शेवटी लिहायचं आहे.

पहिलं काम माणसांचं. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की जुन्या गावात लग्न होऊन आलेल्या तुमच्या आत्याबाई ८६ वर्षांच्या आहेत, "त्यांच्याशी सविस्तर बोलायचं आहे." हे वाक्य वाचून मी थांबले. तुमच्या पुस्तकाचं वेळापत्रक प्रकरणांच्या क्रमाने ठरत नाही, सांगणाऱ्यांच्या वयाने ठरतं. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. ज्यांनी कर्त्या वयात घर सोडलं, दाराची चौकट काढून बैलगाडीत घातली, ती माणसं आज ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. एका कोऱ्या कागदावर अशा सगळ्यांची नावं लिहा, समोर वय लिहा आणि वयाच्या उतरत्या क्रमाने लावा. तीच तुमची पहिली यादी. कागदपत्रं दहा वर्षांनीही मिळतील.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझं दुसरं पुस्तक हातमागावर विणणाऱ्या कुटुंबांवर होतं. मी अनुक्रमणिका केली होती आणि ती चांगली होती. मुलाखतीही त्याच क्रमाने घ्यायच्या असं मी ठरवलं. खड्ड्याच्या मागावर काम केलेले एक आजोबा नवव्या प्रकरणात येत होते, म्हणून त्यांच्याकडे मी दीड वर्षाने पोचले. तोवर त्यांना अर्धांगवायू झाला होता. वाचा गेली होती. सुनेने त्यांना माझ्यासमोर बसवलं, मी मागावर आडवा दोरा नेणाऱ्या धोट्याबद्दल विचारलं आणि त्यांचा चांगला हात मांडीवर इकडून तिकडे सरकत राहिला. तेवढंच मला मिळालं. नववं प्रकरण पुढे त्यांच्या मुलाच्या आठवणींवर उभं केलं. ते ठीक आहे, पण ऐकीव आहे. आखणीच चुकीच्या टोकाकडून केली होती, हे मला तेव्हा कळलं.

आत्याबाईंकडे जाताना प्रश्नांची यादी घेऊन जाऊ नका, दोन-चार खुंट्या घेऊन जा. जुनी माणसं सन सांगत नाहीत. "कधी" असं विचारलं की "लई वर्सं झाली" एवढंच उत्तर येतं. पण पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही कुठे होता, असं विचारा. ती तारीख १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे घर हललं का? ११ डिसेंबर १९६७. बाहत्तरच्या दुष्काळात कुठल्या कामावर होता, सुकडी मिळायची का? आणीबाणीत गावात काय झालं? थोरल्याचा जन्म दुष्काळाच्या आधी की नंतर? अशा खुंट्यांना आठवणी अडकवल्या की पाणी गावात कधी शिरलं, घर कधी मोडलं, देव कधी हलवले, याचा क्रम आपोआप लागतो. घरी भिंतीवर एक लांब कागद लावा. वर या पक्क्या तारखा लिहा आणि खाली प्रत्येक माणसाने सांगितलेलं पेन्सिलीने भरत जा. दोघांचं जमत नसेल तर खोडू नका, दोन्ही ठेवा. गाव कसं आठवलं जातं हेही तुमच्या पुस्तकात यायला हवं.

दुसरी गोष्ट: वस्तू आणि दिशा विचारा. घराचं तोंड कुठल्या दिशेला होतं, पाणी भरायला किती पायऱ्या उतराव्या लागायच्या, उंबऱ्यावर काय कोरलं होतं, नदीपलीकडे जायला नावेचे किती पैसे पडायचे. "तेव्हा कसं वाटलं?" हा प्रश्न शक्यतो टाळा. त्याला सगळे एकच उत्तर देतात. पण चूल कुठे होती हे सांगताना माणूस हमखास वेगळं काहीतरी बोलून जातो आणि तेच आपल्याला हवं असतं.

रेकॉर्डिंग मोबाइलवर करा. सुरुवातीला तारीख, नाव, गाव मोठ्याने बोला आणि परवानगी विचारा, तीही रेकॉर्ड होऊ द्या. एक साधी वही करा: फाइल क्रमांक, कोण, कुठे, किती मिनिटं, कशावर बोलणं झालं. रेकॉर्डिंग दोन दिवसांच्या आत ऐकून उतरवायचं, हा नियम मोडू नका. हातवारे, मध्येच आलेला नातू, "हितं" म्हणताना बोट कुठे होतं, हे तुमच्या डोक्यात दोन दिवसच ताजं राहतं. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला नवख्या माणसाला चार-पाच तास लागतात. म्हणून आठवड्याला एकच मुलाखत. जास्त घेतल्या तर फाइली साठतील आणि त्यांचंही नदीच्या प्रकरणासारखंच होईल.

आता कागदपत्रं. इथे आखणीचा खरा उपयोग असा की कुठली गोष्ट किती दिवस अडकून राहते हे आधी ओळखायचं आणि ती आधी सुरू करायची. भूसंपादनाचा निवाडा, बुडीत क्षेत्रातल्या गटांची यादी, नव्या गावठाणाचा नकाशा हे सरकारी दप्तरात आहे. माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज केला की उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, आणि "अभिलेख आढळून येत नाही" असं उत्तर आलं तर अपील धरून आणखी दीड-दोन महिने. हा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकायचा. तो तिकडे फिरत राहील, तुम्ही इकडे आत्याबाईंशी बोलत राहाल. एक लक्षात ठेवा, उजनीचा फुगवटा एकाच जिल्ह्यात नाही. इंदापूर आणि दौंड पुण्यात, करमाळा सोलापुरात, काही भाग कर्जतकडे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात. गाव नदीच्या कुठल्या काठाला होतं त्यावर दप्तर ठरतं. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला की पहिला महिना तिथेच जातो.

काही गोष्टी तर घरबसल्या होतील. १९७१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावनिहाय तक्ते आहेत: लोकसंख्या, क्षेत्रफळ. उजनीत गेलेल्या गावांची जुन्या जागेवरची ती शेवटची मोजणी. त्याच्या शेजारी १९६१ चा आकडा ठेवा. धरण येणार ही बातमी पसरल्यावर गाव वाढत होतं की माणसं आधीच हलायला लागली होती, याचा थोडा अंदाज येतो. इंग्रजांच्या काळातलं सोलापूरचं गॅझेटियर १८८४ चं आणि पुण्याचं १८८५ चं. त्यात तुमच्या गावाचं नाव असेलच असं नाही, पण आसपासचे बाजार, नदी ओलांडायचे उतार, रस्ते मिळतील. हे वाचायला दोन रविवार पुरे. गॅझेटियरमध्ये रमलेल्या आणि पुस्तक न लिहिलेल्या खूप लोकांना मी ओळखते, म्हणून दोनच रविवार.

तुमचं पत्र जानेवारीत आलं. त्या हिशेबाने वर्ष असं पडतं. फेब्रुवारीत पुण्यातल्या पुण्यात राहणारे म्हातारे नातेवाईक, आणि आत्याबाई तर पहिल्याच रविवारी. मार्चचा दुसरा पंधरवडा कोरा सोडा. तुम्ही बँकेत आहात, मार्चअखेर काय असते हे मी सांगायला नको. तेव्हा लिहायचं ठरवलंत तर ठरलेलं मोडेल, आणि एकदा मोडलं की पुढचे दोन महिने मन त्यावरून खात राहतं. एप्रिल-मे गावाकडे. कारखान्यांचा गळीत हंगाम तोवर संपलेला असतो, माणसं उसातून मोकळी होतात. आणि मुख्य म्हणजे पाणी उतरलेलं असतं. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं राखीव पाणी. त्यामुळे उन्हाळ्यात धरण "मायनस"मध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली जातं. तेव्हा पळसदेवचं जुनं मंदिर पाण्याबाहेर येतं, २०२४ च्या उन्हाळ्यात आलं होतं. तुमच्या गावाचे काही अवशेष उघडे पडत असतील तर ते याच दिवसांत. पुस्तकासाठी छायाचित्रं हवी असतील तर हीच एक खिडकी, चुकली की पुढच्या मेपर्यंत थांबा. शक्य असेल तर तिथला एखादा जुना माणूस बरोबर न्या. चिखलात उभं राहून "इथे चावडी" म्हणणं आणि नव्या गावठाणात ओसरीवर बसून म्हणणं यात फार अंतर असतं. पुढे जूनच्या शेवटापासून गावाकडची माणसं वारीत आणि पेरणीत असतात. तुकोबांची पालखी इंदापुरातूनच जाते. तेव्हा कोणाला गाठायला जाऊ नका. घरी बसून टिपणं लावा.

इतकं झालं की अनुक्रमणिका. ती करायला एक शनिवार-रविवार मोकळा ठेवा. १४० पानं छापून घ्या, परिच्छेद कात्रीने वेगळे करा आणि जमिनीवर पसरा. मी अजूनही असंच करते. पडद्यावर हे नीट होत नाही, कारण एका वेळी एकच पान दिसतं. प्रत्येक तुकडा उचलून एवढंच विचारायचं: यातून वाचकाला कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं? गाव कसं वसलं होतं? कोण कुठे राहायचं आणि कोणाला नदीवर कुठल्या घाटाने जावं लागायचं? धरणाची पहिली बातमी कोणी आणली? विश्वास कोणी ठेवला नाही? मोजणीदार आले तेव्हा काय झालं? पैसे कोणाच्या हातात आले आणि कुठे गेले? देव कसे हलवले? ज्यांना जमीन नव्हती त्यांचं काय झालं? नव्या गावात पहिली दहा वर्षं कशी गेली? मुली कुठे दिल्या जाऊ लागल्या? आता पाण्यावर मासेमारी करतं कोण? भिगवणला रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना पाण्याखाली काय आहे हे ठाऊक असतं का? हे जवळजवळ अकरा-बारा प्रश्न झाले. एकेका प्रश्नाचं एकेक प्रकरण. प्रकरणाला आत्ता नाव देऊ नका, प्रश्नच लिहून ठेवा. नावं द्यायला गेलं की काव्य सुचतं आणि प्रकरण कशाबद्दल आहे ते विसरतं.

भूमिहीनांचा प्रश्न तुमच्या १४० पानांत कुठेच नाही, हे मी पानं न बघता म्हणते आहे. चुकत असेन तर चांगलंच. पण घरातल्या माणसांनी लिहिलेल्या गावांच्या पुस्तकांत हे हमखास सुटतं, कारण आपण आपल्याच आळीच्या आठवणी ऐकत मोठे झालेलो असतो. अनुक्रमणिका आधी केली की ही भोकं दिसतात. लिहीत लिहीत गेलं तर पुस्तक छापून आल्यावर दुसऱ्या आळीतला कोणीतरी दाखवतो, आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं.

जे कुठल्याच प्रश्नात बसत नाही ते एका पाकिटात घाला. फेकू नका, पण पुस्तकातही घेऊ नका. भीमेचा उगमापासूनचा इतिहास, धरणाची अभियांत्रिकी, पाण्याच्या वाटपाचं राजकारण: तुमच्या पत्रावरून वाटतं की हे तिन्ही तुम्हाला खुणावताहेत. यातल्या प्रत्येकाचं वेगळं पुस्तक होईल. तुमचं पुस्तक एका गावाचं आहे.

आता जरा छापखान्याचा हिशेब. मराठीत प्रकाशक पुस्तक फर्म्यांत मोजतात. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात एक फर्मा १६ पानांचा. तुमच्या विषयाला दहा फर्मे, म्हणजे १६० पानं पुरे. पहिलं पुस्तक त्याहून जाड करू नये असं माझं ठाम मत आहे. किंमत वाढते, आणि सैलपणा लपायला जागा मिळते. त्यातली आठ-नऊ पानं सुरुवातीच्या मजकुराची, सोळा छायाचित्रांची. उरली साधारण १३५. पानाला २८० शब्द धरले तर ३८ हजार शब्द. अकरा प्रकरणं, प्रत्येकी साडेतीन हजार. तुमच्या सव्वा तासात ३५० शब्द नक्की होतील, सुचत असो वा नसो. आठवड्यात पाच दिवस म्हणजे १,७५०. दोन आठवड्यांत एक प्रकरण, २२ आठवड्यांत कच्चा खर्डा. जुलै ते डिसेंबर हे २६ आठवडे होतात. वरचे चार गणपती, बँकेची सहामाही, दिवाळी आणि घरातल्या आजारपणाला. मी हे चार आठवडे नेहमी आधीच देऊन टाकते. मग दिवाळीत वही मिटताना अपराधी वाटत नाही.

हा हिशेब लिहून पाहिलात की पुस्तक हे डोंगरासारखं उभं राहत नाही. उद्या सकाळी ३५० शब्द, एवढंच राहतं.

रोजच्या कामाबद्दल मी कडक आहे. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आदल्या दिवशीचं वाचून दुरुस्त करत बसायचं नाही. फक्त शेवटचा परिच्छेद वाचायचा आणि पुढे जायचं. कच्च्या खर्ड्यात तारीख आठवली नाही, नाव सापडलं नाही, तर तिथे फुली मारा, समासात "पाहणे" असं लिहा आणि वाक्य पुरं करा. "जरा बघून येतो" म्हणून उठलेला माणूस त्या सकाळी परत बसत नाही. आणि थांबताना प्रकरणाच्या शेवटाशी थांबू नका. गोष्ट चालू असताना थांबा: मोजणीदार ओढ्यापाशी आले, आजोबा पुढे झाले, आणि बस. त्याखाली एका ओळीत उद्याचं लिहून ठेवा, "आजोबा काय बोलले, साखळी कोणी धरली." दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदासमोर बसावं लागत नाही. माझ्या अनुभवात रोज लिहिणाऱ्याला सगळ्यांत जास्त मदत या एका ओळीची होते.

एक रोजवही ठेवा. तारीख, किती शब्द, उद्याची ओळ. भावना लिहायच्या नाहीत. रविवारी लिहायचं नाही, फक्त ही वही चाळायची. सलग तीन दिवस आकडा शंभराखाली गेला असेल तर बहुतेक वेळा मनाचा दोष नसतो, माहिती कमी पडलेली असते. मोजणीचा प्रसंग पुढे सरकत नाही कारण मोजणी नक्की कशी करायचे हे तुम्हाला ठाऊक नाही. मग त्या आठवड्यात एखाद्या निवृत्त भूमापकाला गाठा. वही नसती तर तुम्ही याला "मूड नाही" म्हणाला असता.

आणि हो, आखणी बदलेल. तिसरं प्रकरण होईपर्यंत दोन प्रश्न एकात मिसळतील, एखादा नवा येईल. बदला, पण रोज नाही. दर तीन प्रकरणांनंतर एक रविवार त्यासाठी ठेवा आणि मधे सुचलेले बदल त्या दिवसापर्यंत कागदावर टिपून ठेवा. त्यातले निम्मे त्या रविवारपर्यंत आपलेआप गळून जातात.

आता तुमची भीती, की आखणीने पुस्तक कोरडं होईल. मला उलटं दिसलं आहे. कोरडी होतात ती घाईत जोडलेली पुस्तकं. आपल्याकडे टिळकांचं उदाहरण सगळे देतात: मंडालेच्या तुरुंगात, शिसपेन्सिलीने, १९१०-११ च्या एका हिवाळ्यात 'गीतारहस्या'चा खर्डा लिहून झाला. ते खरं आहे. पण त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत टिळकांनी मागचा प्रवासही नोंदवला आहे. १८७२ साली आजारी वडिलांना गीता वाचून दाखवताना तिच्याशी पहिला संबंध आला. पुढे १९०२ साली नागपुरात आणि १९०४ साली संकेश्वर मठात त्यांनी आपलं प्रतिपादन विद्वानांसमोर मांडलं होतं. म्हणजे काय म्हणायचं आहे आणि कुठल्या क्रमाने, हे त्या हिवाळ्याच्या कितीतरी आधी पक्कं झालं होतं. पुस्तकं हाताशी येतील तसा खर्डा नंतर सुधारला, आणि ग्रंथ छापून आला तो १९१५ साली. चार-पाच महिन्यांच्या लेखनामागे आणि पुढे केवढं काम होतं ते यातून कळतं. आणि त्या लेखनाला कोणी कोरडं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. सांगायचं काय हे ठरलेलं असलं की वाक्यांकडे बघायला मन मोकळं राहतं.

तुमच्या पुस्तकाचा ओलावा आत्याबाईंच्या बोलण्यातून येणार आहे. अनुक्रमणिकेचं काम ते योग्य पानावर पोचवण्याचं.

खर्डा झाला की जानेवारीत तीन आठवडे त्याला हात लावू नका. मग छापून घ्या आणि मोठ्याने वाचा, घरातलं कोणी ऐकायला बसलं तर उत्तमच. जिथे तुम्ही स्वतःच भरभर वाचायला लागता तिथे पेन्सिलीने उभी रेघ ओढा. त्या जागा कापायच्या. ३८ हजारांतले पाच-सहा हजार जातील, आणि "पाहणे"च्या जागा भरताना तीन-चार हजार परत येतील. नदीचं प्रकरण आता लिहा. या वेळी ते आठवड्यात होईल. मग दोन वाचक निवडा. एक जुन्या गावातला, जो चुका काढेल. दुसरा असा की ज्याने उजनी पाहिलेलीच नाही, विदर्भातला किंवा कोकणातला. त्याला काय कळलं नाही ते फक्त ऐकून घ्या, समजावून सांगायला जाऊ नका. मार्चअखेर पुन्हा कोरा. एप्रिल-मेमध्ये शेवटचा हात. म्हणजे आजपासून सुमारे दीड वर्ष. मोठं वाटतं, पण नदीच्या एका प्रकरणावर तीन वर्षं गेली आहेत.

काही गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळा, म्हणजे शेवटी रडावं लागणार नाही. टंकलेखन युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटमध्ये केलेला मजकूर बदलून घेताना जोडाक्षरं आणि रफार फुटतात. माझ्या पहिल्या पुस्तकाची अशी फुटलेली मुद्रितं मी तीनदा तपासली आणि तरी चुका राहिल्या. दर शनिवारी एक प्रत ईमेलवर स्वतःलाच पाठवा. लेखनाचा एक तक्ता करा: कुठलं गावनाव कसं लिहायचं, संवादात बोली किती ठेवायची, "हितं" की "इथं", आकडे अक्षरी की अंकी. शुद्धलेखनाचे नियम साहित्य महामंडळाचे, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, निवेदनाला तेच लावा. आत्याबाईंच्या बोलण्याला लावू नका. त्या जशा बोलतात तसंच छापा, कोणी मुद्रितशोधक "सुधारून" देऊ लागला तर त्याला तुमचा तक्ता दाखवा. ज्यांच्याकडून जुने फोटो घ्याल त्यांची लेखी संमती त्याच दिवशी घ्या. गावातल्या जिवंत माणसांबद्दल, जमिनीच्या वादांबद्दल लिहाल तिथे नाव बदलायचं की ठेवायचं हे त्यांना विचारूनच ठरवा. त्यांना तुमच्या शेजारीच राहायचं आहे.

प्रकाशकाचा विचार दुसरा खर्डा होईपर्यंत करू नका. तेव्हा महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची माहिती काढा, पहिल्या पुस्तकासाठी ती आहे. स्वतः छापायचं ठरलं तर आयएसबीएन विनामूल्य मिळतो, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

या रविवारी आत्याबाईंकडे नव्या गावठाणात जा. पहिल्या दिवशी दीड तासाच्या वर बसू नका, त्या दमतील आणि पुढच्या वेळी कचरतील. जुन्या घराचा दरवाजा कुठल्या दिशेला उघडायचा इथून सुरुवात करा आणि त्यांना काडीने जमिनीवर घर काढून दाखवायला सांगा. त्याचा फोटो घ्या. जून संपताना अकरा प्रश्नांचा कागद माझ्याकडे पाठवा, आणि ऑगस्टच्या मध्यावर तिसरं प्रकरण, जसं असेल तसं, फुल्यांसकट. मी वाचून कळवते.